निकालाआधीचा घास

"माणूस कुठे जन्मला, काय शिकला, काय कमावतो, हे सगळं झूट आहे," अण्णा म्हणाले. "त्याच्यापुढे परक्या देशाचं मेनूकार्ड ठेवा. ते तो हातात कसं धरतो, एवढं पाहून मी त्याच्या घराण्याची लायकी सांगतो."

एवढं बोलून त्यांनी हॉटेलचं दार ओढलं. दार हललं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. काचेपलीकडे उभी असलेली बाई हातवारे करून काहीतरी सांगू लागली. तिच्याकडे पाहून अण्णांनी अदबीने मान लववली आणि पुन्हा ओढलं. शेवटी त्यांच्या काखेखालून एक हात पुढे आला आणि ठिणगीने, म्हणजे त्यांच्या नातीने, एका बोटाने दार ढकललं.

"यांची दारं उलटी असतात," आत शिरता शिरता अण्णा म्हणाले. इथिओपियाबद्दलचा त्यांचा हा पहिला निकाल.

निकाल हा शब्द या घरात शाळेसाठी किंवा कोर्टासाठी फारसा वापरला जात नाही. तो जेवणाचा शब्द आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून एका नव्या देशात जेवायचं, हा रिवाज अण्णांच्या वडिलांनी घालून दिला. शहर एवढं मोठं की तीन पिढ्या झाल्या तरी देश संपत नव्हते. या एका रस्त्यावरच एका टोकाला पेरू होतं, मधे लेबनॉन, वळणावर चाव्या करून देणाऱ्याच्या डोक्यावर कोरिया, आणि पडद्यांच्या दुकानाला खेटून हा इथिओपिया. रिवाजाचे नियम मोजके. मेनूकार्डाला हात लावायचा तो कर्त्या माणसाने. सगळ्यांसाठी मागवायचं त्यानेच. ताटं आली की पहिला घास त्याचा. तो त्याने डोळे मिटून घोळवायचा आणि निकाल सांगायचा. निकालाआधी कुणी चमचा उचलायचा नाही.

अण्णांनी सगळी नोकरी चहाच्या कंपनीत चव बघण्यात काढली. लांबलचक टेबलावर ओळीने वाट्या मांडलेल्या, प्रत्येकीतून चमचाभर घ्यायचं, 'सुर्र' करून टाळूपर्यंत ओढायचं, आणि पुढच्या वाटीकडे सरकायचं. ज्या जिभेवर कंपनीचा माल पास-नापास होई, ती जीभ घरच्यांसमोर घाई कशी करणार? निकाल लांबत. त्यामुळे या घरातल्या मुलांची अशी समजूत झाली होती की फ्रान्सचं सूप थंड असतं, इटलीचा पास्ता थंड असतो आणि कोरियात उकळतं भांडंसुद्धा थंडच वाढतात. जपान हा एकच देश त्यांना जसा आहे तसा भेटला होता.

आज सहाजण होते. जावईबापूंना ताप होता. जपानमध्ये कच्चा मासा झाला, त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांना ताप येत असे. सोमवारी उतरत असे.

"या, बसा," दारातली बाई म्हणाली. ती मालकीणच होती. तिने त्यांना खिडकीशी नेलं आणि अण्णा जागच्या जागी थिजले.

टेबल नव्हतं.

म्हणजे होतं, पण त्याला टेबल म्हणणं हा टेबलाचा अपमान झाला असता. डमरूसारखी मधे आवळलेली, रंगीत विणीची एक उंच टोपली, तिच्यावर शंकूसारखं झाकण, आणि भोवती गोलाकार सहा बुटकी स्टुलं. ना टेबलाच्या फळ्या, ना टेबलक्लॉथ. सहा माणसांचे बारा पाय कंदिलाखाली ठेवल्यासारखे उघडे दिसणार होते.

अण्णांनी माईंकडे, आपल्या बायकोकडे, पाहिलं. माईंनी अण्णांच्या बुटांकडे पाहिलं.

"दुसरं... जरा उंच काही नाही का?" अण्णांनी विचारलं. "म्हणजे माझ्या गुडघ्यांसाठी."

"तुमच्या गुडघ्यांना काय झालंय?" अण्णांच्या थोरल्या मुलाने विचारलं. थोरले दातांचे डॉक्टर. पण घरात कुणाच्याही कुठल्याही अवयवावर बोलण्याचा हक्क आपल्याला पदवीबरोबर मिळाला आहे, असं ते धरून चालत.

"काही नाही," माई म्हणाल्या आणि पदर खोचून पहिल्या बसल्या. "बसा हो. पडलात तरी इथून लागणार नाही."

*

हिवाळ्यात अण्णांना सर्दी झाली होती. सर्दी गेली आणि जाताना वास आणि चव घेऊन गेली. पहिले काही दिवस अण्णांना वाटलं चहापत्ती बदलली. मग वाटलं माईंचा हात बिघडला, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. मग एके सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात एकट्याने उभं राहून ओळीने मीठ, साखर, कॉफीची पूड आणि व्हिनेगर चाखलं, आणि माई आत आल्या तेव्हा ते ओट्याला धरून उभे होते.

"कुणाला सांगू नकोस," एवढंच ते म्हणाले.

माईंनी सांगितलं नाही. त्याऐवजी त्यांनी सोय केली. पुढच्या पहिल्या रविवारी ताट आल्याबरोबर त्या म्हणाल्या, "थांबा हो, तोंड भाजेल, फार गरम आहे का बघते," आणि चमच्याच्या टोकाने थेंबभर चाखून घेतलं. रिवाजात झालेली ही पहिली दुरुस्ती. मग अण्णांनी डोळे मिटून घास घोळवायचा, आणि टेबलाखाली माईंनी त्यांच्या बुटावर पाय दाबायचा. एकदा दाबला म्हणजे खारट. दोनदा म्हणजे गोड. तीनदा आंबट. टाच घासली म्हणजे कडवट. दोन्ही पाय एकदम ठेवले म्हणजे, कृपा करून काही बोलू नका. तपशील अण्णा स्वतः भरत, आणि तपशिलात त्यांचा हात कुणी धरला नसता. उलट या काही महिन्यांत निकाल अधिक थोडक्यात आणि अधिक अचूक येऊ लागले, असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं होतं. "वयानुसार जीभ पिकते," थोरले म्हणाले होते.

हे सगळं टेबल असण्यावर अवलंबून होतं, हे त्या दोघांच्या लक्षात आता आलं.

अण्णांना मान जाण्याची फिकीर नव्हती, असं ते स्वतःला सांगत. खरी भीती वेगळी होती. जिभेच्या जोरावर त्यांनी घर चालवलं, मुलं शिकवली, लोकांनी त्यांना दबकून 'कसं वाटलं?' असं विचारलं. ती जीभ गेली हे उघड झालं तर जो उरेल तो दार उलटं ओढणारा एक म्हातारा. त्याला आजच्या दुपारी कुणासमोर उभं करायची त्यांची तयारी नव्हती.

*

हात धुवायचं बेसिन मागच्या बाजूला होतं. तिथे थोरले आणि त्यांची धाकटी बहीण एकाच साबणावर भेटले. धाकटी वकील. घर विकायच्या भानगडीपासून ही दोघं एकमेकांशी फक्त हवापाण्याबद्दल बोलत, तेही साक्षीदार ठेवून. पण कारण तेवढंच मोठं होतं.

"हे हॉटेल तू सुचवलंस ना?" थोरल्यांनी नळ सोडून विचारलं.

"हो. पाय दिसतात म्हणून."

"म्हणजे तुलाही माहीत आहे?"

"मला काही माहीत नाही. मला संशय आहे. दोन्हींत फरक असतो, दादा, त्याच्यावरच माझं पोट चालतं." तिने साबण त्यांच्या हातात दिला. "गेल्या महिन्यात तुर्की हॉटेलात काय झालं ते ठिणगीने तुला सांगितलं, तू मला सांगितलंस."

गेल्या महिन्यात माई हात धुवायला गेल्या असताना अण्णांनी चहाच्या टीचभर पेल्यात साखर समजून दोन चमचे मीठ घातलं, सुर्र केलं, आणि 'बेताचा गोड' असा निकाल दिला. ठिणगीने तो उरलेला पेला चाखून पाहिला आणि घरी जाऊन बापाला हसत हसत सांगितलं. त्याच्या तोंडावरचं हसू पाहून तिला वाटलं, आपण हे सांगायला नको होतं.

"आज त्यांना चव ओळखता आली नाही," थोरले म्हणाले, "तर मेनूकार्ड माझ्याकडे. थोरला मी आहे."

"मेनूकार्ड कुणाकडेच नाही. ज्याने त्याने आपापलं मागवायचं आणि गरम खायचं. मी उभ्या जन्मात गरम पिझ्झा खाल्लेला नाही, दादा. लग्नात सुद्धा अण्णांनी निकाल लांबवला."

"अगं, मग रिवाज काय राहिला?"

"ते नंतर भांडू. आधी सिद्ध कर."

"करतो," थोरले म्हणाले. "तोंड हा माझा विषय आहे."

दोघांनी एकाच टॉवेलला हात पुसले. पुढल्या भांडणाची तारीख ठरल्यामुळे दोघांनाही बरं वाटत होतं.

*

वहिनी, म्हणजे थोरल्यांची बायको, गाडी शिकवायच्या शाळेत शिकवत. शिकाऊ माणसाशेजारी बसून त्याच्या पायांवर नजर ठेवायची आणि वेळ आली की आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की लग्नसमारंभातही त्या आधी पाय पाहत, मग चेहरा. टेबलाखालचा कारभार त्यांना पहिल्याच महिन्यात कळला होता. जमिनीवर पडलेला नॅपकिन उचलायला त्या वाकल्या आणि सासूबाईंचा पाय सासऱ्यांच्या बुटावर दोनदा दाबला जाताना दिसला. वर आल्या तेव्हा अण्णा म्हणत होते, "गोडाकडे झुकणारं." वहिनींनी नॅपकिन मांडीवर पसरला. नवऱ्याला सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. ते ब्रेक न दाबता बोलणारे.

आता नवरा आणि नणंद एकत्र परत येताना पाहून त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

अण्णांनी मेनूकार्ड मागवलं. ते त्यांनी छातीशी उभं धरलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. हेही रिवाजातच होतं. वाचताना त्यांचा आवाज पूर्वीसारखाच भरदार येत होता. मसुराचं, चण्याच्या पिठाचं, पालेभाजीचं, मटणाचं, लोण्यात परतलेलं, मिरचीत मुरलेलं; त्यांनी सहा-सात पदार्थ निवडले आणि कार्ड मिटून मांडीखाली ठेवलं, म्हणजे कुणाला चोरून पाहता येऊ नये.

ताट आलं, एकच. टोपलीएवढ्या थाळीत पातळ, जाळीदार, स्पंजासारखी भली मोठी पोळी पसरलेली आणि तिच्यावर पदार्थांचे रंगीत ढीग. शेजारी तशाच पोळ्यांच्या गुंडाळ्या.

"याला इंजेरा म्हणतात," मालकीणबाई म्हणाल्या. "चमचे नाहीत. पोळीचा तुकडा तोडायचा, त्यात धरायचं, खायचं. सगळ्यांनी एकाच ताटात."

"चमचेच नाहीत?" ठिणगी आजोबांकडे पाहत म्हणाली. "मग निकालाआधी काय उचलायचं नाही?"

हा प्रश्न तीन पिढ्यांत कुणाला पडला नव्हता. अण्णांनी क्षणभर विचार केला. "हात," ते म्हणाले. सगळ्यांनी उचललेले हात खाली ठेवले.

"थांबा हो," माई पुढे सरसावल्या, "फार गरम आहे का बघ..."

"गरम नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "कोमट आहे. थेट खा."

"ऐकलंत ना, माई?" वकील म्हणाली. "आता ती पायरी गाळायला हरकत नाही. जी बाई शिजवते तिचीच साक्ष आहे."

"तुझं कोर्ट घरी ठेवून येत जा," माई म्हणाल्या, पण त्यांचा हात हवेतच राहिला. त्यांचा पाय पुढे गेला, उघड्या जमिनीवर पडला, आणि सगळ्यांच्या नजरा त्या पायाकडे गेल्या.

"काय झालं?" थोरले म्हणाले.

"मुंग्या आल्या," माई म्हणाल्या आणि पाय झटकला.

"अजून एक आहे," मालकीणबाई आनंदाने म्हणाल्या. कुणाची अडचण चालू आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. "आमच्याकडे गुर्शा असते. ज्याच्यावर माया आहे त्याला आपल्या हाताने मोठा घास भरवायचा. समोरच्याने नाही म्हणायचं नाही. नाही म्हणाला तर भरवणाऱ्याचा अपमान."

थोरल्यांचे डोळे चमकले.

"अण्णा," ते म्हणाले, "पहिला घास आज माझ्या हातचा."

या घरात थोरल्यांनी बापाच्या तोंडापर्यंत हात नेला होता तो आजवर फक्त दाढ काढायला. अण्णांनी तोंड उघडलं तेही सवयीने 'आ' करून. थोरल्यांनी पोळीचा तुकडा तोडला, ताटाच्या कडेला लालभडक मसाल्याची चमचाभर ढिगारी होती, जिच्याकडे मालकीणबाईंनी बोट दाखवून 'जपून' म्हटलं होतं, ती सबंध त्यात भरली, वरून फसवायला थोडी मसूर लावली, आणि घास आत ढकलला.

"सावकाश," थोरले म्हणाले. "घोळवा. आणि सांगा."

अण्णांनी डोळे मिटले. घास घोळवला. माईंनी दोन्ही पाय जुळवून ठेवले, उपयोग नसताना. मग अण्णांच्या कपाळावर घाम आला. कान लाल झाले. नाक वाहू लागलं. डाव्या डोळ्यातून पाण्याची धार गालावरून खाली आली. त्यांनी घास गिळला, रुमाल काढला, चेहरा पुसला, आणि सगळ्या खोलीला ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात निकाल दिला.

"तिखट."

ते दोनदा श्वास घ्यायला थांबले.

"पण माणुसकी असलेलं तिखट. सांगून मारतं."

थोरल्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने आपली नखं पाहिली.

"अहो," वहिनी नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तिखट ही चव नसते. ती आग असते. जीभ गेली तरी कळते. हे मला गाडी शिकवणारीला माहीत आहे. तुमच्या पदवीत होतं की नाही?"

तोंड हा आपला विषय आहे हे वाक्य थोरल्यांना आतून टोचत असावं.

"निकाल लागला!" ठिणगी ओरडली आणि ताटावर धाड पडली.

आणि मग जे झालं ते या घराच्या इतिहासात पहिल्यांदा झालं. एकच ताट, चमचे नाहीत, आणि निकाल एका शब्दात. अन्न अजून कोमट होतं. वकीलबाई मटणाकडे अशा वळल्या की अशिलाकडेही कधी वळल्या नसतील. थोरल्यांनी बहिणीच्या वाटणीकडची पालेभाजी ओढली, तिने त्यांच्या बोटावर फटका मारला. "ही माझी बाजू आहे." "गोल ताटाला बाजू नसते." "सीमारेषा मसूर आहे, दादा." ठिणगीने मधून बोगदा काढून दोघांच्या राज्यांतलं चण्याचं पिठलं लंपास केलं. वहिनींनी माईंना घास भरवला, माईंनी ठिणगीला, ठिणगीने आत्याला, आणि आत्याने कुणी बघत नाहीसं पाहून दादाला. दादाने तो गपकन खाल्ला आणि 'बरा आहे' असं न सांगताच चावत राहिला.

अण्णा मात्र हळूहळू खात होते. त्यांच्या जिभेवर आग होती, आणि आगीच्या मागे नेहमीसारखं काही नव्हतं. ओला कागद. पण ते हसत होते. महिनाभराची उसंत मिळाली होती. पुढच्या महिन्यात टेबलवालं हॉटेल निवडायचं. फिनलंड वगैरे, जिथे लोक पाय झाकून बसत असतील.

*

"आता कॉफी," मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे ती तुमच्यासमोरच भाजतात, दळतात, उकळतात. घाई नाही. आधी घरातल्या मोठ्या माणसाला वास देतात."

त्यांनी लांब दांड्याचं लहान कढलं आणलं आणि सरळ अण्णांच्या नाकाखाली धरलं.

कॉफी. अण्णांचा ऊर भरून आला. आयुष्यभर चहाची चाकरी केली तरी कॉफीच्या भाजण्याचा वास त्यांना पाठ होता. या एका गोष्टीला माईंच्या पायाची गरज नव्हती. तो वास आठवून सांगता आला असता. त्यांनी आत न पाहताच व्यवसायातल्या माणसासारखे डोळे मिटले, दोन्ही हातांनी हवा नाकाकडे ओढली, दीर्घ श्वास घेतला, मान मागे टाकली आणि बोलू लागले.

"अहाहा. आधी येतो तो धूर. पण चुलीचा नाही. जंगलाला लांबवर वणवा लागलाय आणि आपण वाऱ्याच्या बाजूला उभे आहोत, तसा. त्याच्यामागे करपलेली साखर. मग माती, पाऊस न पडलेली. आणि अगदी शेवटी, जुनं चामडं. भाजणं किंचित पुढे गेलंय, पण मी ते चूक म्हणणार नाही. मी त्याला धाडस म्हणेन."

कुणी काही बोललं नाही. अण्णांना ती शांतता आवडली. असा निकाल बऱ्याच महिन्यांत जमला नव्हता. त्यांनी सावकाश डोळे उघडले.

कढल्यात हिरवट, फिक्या, नुकत्या धुतलेल्या कच्च्या बिया होत्या. काहींवर पाण्याचे थेंब होते.

"या अजून भाजायच्या आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "मी आधी बी दाखवते."

थोरले त्या बियांकडे बघत राहिले. सकाळपासून त्यांनी ज्याची वाट पाहिली होती ते ताटात वाढून समोर आलं होतं. आता फक्त बोलायचं होतं. आणि त्यांच्या लक्षात आलं की अण्णा त्यांच्याकडेच पाहत आहेत. खुर्चीत बसलेला पेशंट सुईकडे पाहतो तसे.

"मला पण," माई म्हणाल्या. आवाज जरा मोठा होता. "मला पण तसाच वास आला. वणव्याचा."

"मला चामड्याचा आला," ठिणगी घाईघाईने म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, आणि तिने मसाल्याला हातही लावला नव्हता. "खूप आला. म्हणजे चपलांच्या दुकानात गेल्यासारखा."

"करपलेली साखर," वहिनी म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या पायावर असा ब्रेक दाबला की ते स्टुलावर बसल्या जागी पुढे गेले.

वकीलबाईंनी कढल्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, गळा साफ केला. "साक्षीदार एकमताने सांगत असतील," त्या म्हणाल्या, "तर मी पुरावा कशाला उकरू? धूर होता."

राहिले थोरले. ते वाकले, कच्च्या बियांवर नाक नेलं आणि बराच वेळ हुंगत राहिले.

"मला माती जास्त वाटली," ते म्हणाले. "बाकी बरोबर आहे."

मालकीणबाई सहाजणांकडे आळीपाळीने पाहत होत्या. मग त्यांनी स्वतःही कढल्याचा वास घेऊन पाहिला.

अण्णा रुमालाची घडी घालत होते. घडी झाली, उलगडली, पुन्हा घातली.

"मी या कामात जन्म घालवला," ते म्हणाले. "इतके वाईट खोटे चाखणारे मला कंपनीत कुणी दिले असते तर मी दुपारीच घरी पाठवले असते." त्यांनी रुमाल खिशात ठेवला. "मला काही वास येत नाही. चवही नाही. सर्दी झाली तेव्हापासून. तेव्हापासूनचे सगळे निकाल तुमच्या आईचे. मी फक्त विशेषणं लावली."

"म्हणजे लेबनॉन?" थोरले म्हणाले.

"आई."

"मेक्सिको? 'लिंबू मागे राहून बोलतं' ते?"

"लिंबू आईचं. मागे राहून बोलतं माझं."

"आणि मी तुम्हाला म्हणालो की वयानुसार जीभ पिकते..."

"पिकली खरी," माई म्हणाल्या. "माझी."

आता हसावं की नाही हे कुणाला कळेना. ठिणगी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. "आजोबा, मिठाचं मीच सांगितलं बाबांना."

"मीठ होतं ते?" अण्णा म्हणाले. "मला वाटलं, तुर्की लोकांचा चहा फारच सपक." त्यांनी पोळीचा उरलेला तुकडा तोडला, त्यात मसूर धरली आणि तिला भरवली. "खा. कशी आहे?"

"मस्त आहे."

"हे विशेषण नाही. कर प्रयत्न."

भावनेचा भर ओसरायला या घरात फारसा वेळ लागत नाही. ताट साफ झालं होतं, सगळ्यांना अजून भूक होती, आणि मेनूकार्ड अण्णांच्या मांडीखाली होतं. त्याचं एक टोक बाहेर आलं होतं. थोरल्यांची नजर तिकडे गेली.

"मग आता रिवाजाप्रमाणे..." ते सुरू झाले.

"रिवाज संपला," वकील म्हणाली. "चव नाही, निकाल नाही. प्रत्येकाने आपापलं."

"थोरला मी आहे."

"तू गोल ताटात बाजू शोधणारा आहेस."

"तू शोधत होतीस, मी नाही!"

"गप्प बसा दोघं!" अण्णा उठले. बुटक्या स्टुलावरून उठायला त्यांना वहिनींचा खांदा धरावा लागला, पण उभे राहिल्यावर ते पूर्वीइतकेच उंच दिसत होते. मांडीखालचं मेनूकार्ड त्यांच्या हातात होतं. "माझ्या वडिलांनी हे माझ्या हातात दिलं तेव्हा ते म्हणाले होते, ज्याची जीभ खरी, त्याचं कार्ड. त्यांनी माझ्या मोठ्या भावाला बाजूला ठेवून मला दिलं. तोही थोरला होता, आणि त्यालाही दात होते." थोरल्यांनी खाली पाहिलं. "या घरात आज एकच जीभ खरी आहे. आणि तिला आजवर कुणी विचारलं नाही, काय खाणार म्हणून. मीसुद्धा नाही."

त्यांनी वाकून, दोन्ही हातांनी, कार्ड माईंपुढे धरलं.

खोलीच्या टोकाला बिया आता खरोखर भाजायला लागल्या होत्या; तडतड ऐकू येत होती. धूर खिडकीकडे वळला. वकीलबाईंनी नाक वर केलं आणि कुणालाही सांगितलं नाही की त्यात वणवा आहे, साखर आहे, आणि शेवटी चक्क चामडं आहे.

माईंनी कार्ड घेतलं. पदराने ते पुसलं, मांडीवर ठेवलं, ताठ बसल्या. थोरल्यांनी स्टूल जवळ ओढलं. वकीलबाई पुढे झुकल्या. ठिणगीने हात मागे बांधले, कारण निकाल अजून लागायचा होता. मालकीणबाईसुद्धा कढलं हलवायचं विसरून पाहत राहिल्या. माईंनी पहिलं पान उघडलं. ते जवळ धरलं. लांब धरलं. आणखी लांब, जवळजवळ सूनबाईच्या तोंडापर्यंत नेलं. मग पुन्हा जवळ आणलं.

"अहो," माई म्हणाल्या, "तुमचा चष्मा द्या जरा. माझा घरीच असतो, इथे कधी लागलाच नाही."